संशयाचा फायदा कोणाला?

आरोपीला संशयाचा फायदा मिळावा, हे न्यायशास्त्रातील तत्त्व आपण सारे प्रमाण मानतो. निरपराध्याला एकदा भोगावी लागलेली शिक्षा परत घेता येत नाही, हे त्यामागचे कारण. परंतु आरोपी माणूस नसून रसायन असेल, तर हा फायदा त्यालाही द्यावा काय? एंडोसल्फान या कीटकनाशकाच्या बाबतीत तो वर्षानुवर्षे दिला गेला.

केरळच्या उत्तर टोकाचा कासारगोड जिल्हा म्हणजे आपल्या कोकण-गोव्याच्या किनारपट्टीचाच पुढचा भाग. तोच जांभा, तेच काजू. मराठीची एक बोली घरात जपणारी कऱ्हाडे कुटुंबेही तेथे आहेत. येथील सरकारी मालकीच्या काजूबागांवर ढेकण्या किडीच्या बंदोबस्तासाठी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले जात होते. बागा टेकड्यांवर आणि वस्ती उतारावर. विहिरी झाकून ठेवा, अशी सूचना दिली जाई. परंतु या भागात टेकडीच्या पोटात आडवे खणलेले ‘सुरंग’ असतात आणि त्यांतून पाणी वाहत बाहेर येते. वाहत्या पाण्याला झाकण कसे घालावे, हे सूचना देणाऱ्यांनी सांगितले नाही.

ऑर्गॅनोक्लोरीन कुळातील हे द्रव्य मज्जासंस्थेला आवर घालणारे संदेशच अडवते. विषबाधेत आकडी येते ती त्यामुळे. माशांना त्याची अत्यल्प मात्राही पुरते. डीडीटीच्या मानाने ते लवकर विघटित होते, असा त्याचा लौकिक होता आणि तो अगदीच खोटा नव्हता. मात्र विघटनातून जे एंडोसल्फान सल्फेट उरते, ते जवळपास तितकेच विषारी आणि मातीत अधिक काळ टिकणारे असते. वाऱ्याबरोबर हे विष उत्तर ध्रुवाच्या परिसरापर्यंत पोहोचलेले आढळले आहे.

कासारगोडच्या काही गावांत अपस्मार, जन्मजात व्यंगे आणि बौद्धिक अपंगत्व असलेली मुले वाजवीपेक्षा अधिक दिसू लागली. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तेथील मुलग्यांची तपासणी केली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलांच्या रक्तात एंडोसल्फान सापडल्याची आणि त्यांचे वयात येणे लांबल्याची नोंद आहे. याउलट, रोगांचा फवारणीशी संबंध सिद्ध होत नाही, असे सांगणाऱ्या समित्याही झाल्या. प्रत्येक रुग्णाच्या प्रत्येक व्याधीचे मूळ याच द्रव्यात आहे, असे आम्हीही म्हणत नाही. संशयाला जागा होती, हे मान्य करूनच पुढे जावे लागते.

पण मग त्या तत्त्वाच्या मुळाशी जाऊ. भरून न येणारी हानी टाळावी, म्हणून संशयाचा फायदा असतो. बंदी चुकीची ठरली, तर कीटकनाशक पुन्हा बाजारात आणता येते. गर्भावस्थेत दुखावलेला मेंदू पुन्हा घडवता येत नाही. म्हणजे ज्या कारणासाठी आरोपीला आपण झुकते माप देतो, त्याच कारणासाठी येथे ते बालकाच्या पारड्यात पडायला हवे होते. स्वस्त औषधावाचून शेतकऱ्याचे पीक जाईल, हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. तरीही पिकाचा लाभ एकाचा आणि धोका दुसऱ्याचा, तोही न विचारता लादलेला, असे असताना पुराव्याचा भार त्या दुसऱ्यावरच टाकणे कोणत्या न्यायात बसते?

एप्रिल २०११मध्ये स्टॉकहोम करारान्वये एंडोसल्फान बंदीच्या यादीत गेले, आणि त्याच वर्षी १३ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशात त्याचे उत्पादन, विक्री व वापर थांबवला. सिद्ध करण्याचे ओझे मात्र पीडितांच्या खांद्यावरून उतरले नाही. आधी यादीत नाव लागले पाहिजे, त्यासाठी वैद्यकीय शिबिर, मग कागदपत्रे. २०१७च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने प्रत्येक पीडिताला तीन महिन्यांत पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. मे २०२२मध्ये न्यायालयासमोर हिशेब आला, तेव्हा ३,७०४ पीडितांपैकी आठ जणांनाच ती रक्कम मिळाली होती. न्यायालयाच्या अवमानाची याचिका घेऊन जे पुन्हा दिल्लीपर्यंत गेले, तेच ते आठ.