गोळीबाराची भाषा आणि हेतूचा निवाडा

बंदुकीने झालेल्या मृत्यूचे वर्णन ज्या ठरावीक शब्दप्रयोगांत केले जाते, त्यांत गोळी झाडणाऱ्याच्या हेतूविषयीचा निष्कर्ष आधीच दडलेला असतो, आणि तपास पुरा होण्यापूर्वीच तो वाचकाच्या मनात वस्तुस्थिती म्हणून रुजतो.

‘चकमक’ हा शब्द याचे ठळक उदाहरण आहे. १९८२ साली वडाळ्यात गुंड मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला आणि पुढच्या दोन दशकांत हा शब्द मुंबईच्या वृत्तपत्रांत रुळला. चकमक म्हटली की दोन्ही बाजूंनी शस्त्रे चालली, हे त्या एका शब्दातच गृहीत धरले जाते. रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया ११ नोव्हेंबर २००६ रोजी वर्सोव्यात मारला गेला, तेव्हा पोलिसांच्या नोंदीत अशीच चकमक होती. परंतु त्याला उचलून नेल्याचे कळवणाऱ्या तारा त्याच्या वकील भावाने मृत्यूच्या आधीच वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना पाठवल्या होत्या. २०१३ साली सत्र न्यायालयाने तेरा पोलिसांसह एकवीस जणांना दोषी ठरवले, तर २०२४ साली उच्च न्यायालयाने पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांची खालच्या न्यायालयाने केलेली निर्दोष सुटका रद्द करून त्यांनाही जन्मठेप दिली. सुरुवातीच्या नोंदीतली भाषा आणि न्यायालयात सिद्ध झालेली घटना यांत एवढे अंतर पडले.

‘स्वसंरक्षणार्थ’ हा शब्द तर मुळात कायद्याचा बचाव आहे. आत्मसंरक्षणाचा हक्क कायदा मान्य करतो, मात्र तो हक्क आपण वापरला हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर ठेवतो. बातमीत मात्र हाच शब्द कोणाचा दावा आहे हे न सांगता छापला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मुंबईतील चकमकींच्या संदर्भात सोळा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि अशा प्रत्येक मृत्यूत गुन्हा नोंदवून स्वतंत्र तपास व दंडाधिकाऱ्यांची चौकशी बंधनकारक केली, ती असा दावा तपासाविना मान्य होऊ नये यासाठीच.

याउलट ‘बंदूक साफ करताना गोळी सुटली’ या वाक्यात कर्ताच नाहीसा होतो. काडतूस भरलेले राहिले, नळी माणसाच्या दिशेने होती आणि बोट चापावर गेले, या गोष्टी कोणाच्या तरी हातून घडल्याखेरीज असा मृत्यू सहसा होत नाही. हेतू नसला तरी बेपर्वाई उरतेच. ‘हवेत गोळीबार’ हाही असाच निरुपद्रवी भासणारा प्रयोग आहे, कारण वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येते. म्हणून २०१९ च्या शस्त्र कायदा दुरुस्तीने लग्नसमारंभात वा सार्वजनिक मेळाव्यात इतरांचा जीव धोक्यात आणणारा बेपर्वा गोळीबार दंडनीय ठरवला आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. मारण्याचा हेतू होता की नव्हता, यावर ही शिक्षा अवलंबून नाही.

यावरून लेखणीची जबाबदारी स्पष्ट होते. कोणी, कोणावर, किती अंतरावरून गोळी झाडली हे जेवढे ठाऊक असेल तेवढेच सांगावे, हेतूविषयीचे विधान ज्याचे असेल त्याच्याच नावावर ठेवावे, आणि शवविच्छेदन व शस्त्रतज्ज्ञांचा अहवाल येईपर्यंत ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ हे दोन शब्द गाळू नयेत. मृताच्या नातेवाइकांना न्याय मागायचा असतो तेव्हा त्यांना आरोपीच्या आधी या तयार शब्दांशी झगडावे लागते, आणि तो भार त्यांच्यावर टाकण्याचा अधिकार कोणत्याही बातमीदाराला नाही.