देण्याआधी सांगावं लागतं



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २०.

सतराव्या अध्यायात भगवंत श्रद्धा, आहार, यज्ञ, तप आणि दान यांचे तीन तीन प्रकार सांगतात. विसाव्या श्लोकात सात्त्विक दान येतं. अर्थ अगदी साधा आहे. देणं हे आपलं कर्तव्यच आहे या भावनेने दिलेलं, ज्याच्याकडून परतफेडीची आशा नाही अशाला दिलेलं, आणि योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं दान ते सात्त्विक. देश, काळ आणि पात्र.

हा श्लोक मी शाळेत गीतापठण स्पर्धेसाठी पाठ केला होता. बक्षीसही मिळालं. पण त्यातला 'काळ' हा शब्द मला कळला तो माझी आजी गेली त्या सकाळी.

आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर तिला पोथीची अक्षरं परत स्वच्छ दिसायला लागली होती. त्या आनंदात एकदा ती मला म्हणाली, "मी गेले ना, की माझे डोळे देऊन टाका गं. जाळून काय करायचंय त्यांचं?" मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलतेस आजी," आणि विषय बदलला. ती हे माझ्याशीच बोलली होती. घरात दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं.

ती पहाटे साडेतीनला गेली. आम्ही सगळे तिच्याजवळच होतो. तोंडात तुळशीपत्र ठेवलं, समई लावली, आत्याला फोन झाला. मला आजीचे शब्द तेव्हाच आठवले होते, खोटं कशाला सांगू? पण बाबा भिंतीला टेकून बसलेले, आत्या येऊन आजीच्या पायांवर डोकं ठेवून रडतेय, आणि मी त्यात काय बोलू, की नेत्रपेढीला फोन करा? मनात म्हटलं, जरा वेळाने. मग म्हटलं, काका आले की. असं करत करत साडेदहा वाजले. शेवटी जिन्यात बाबांना गाठून सांगितलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "अगं, आधी का नाही सांगितलंस? मी नाही म्हटलं असतं का?"

नेत्रदान मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत व्हावं लागतं. सात तास होऊन गेले होते.

दान देणारी तयार होती. घेणारा कुठेतरी वाट बघत होता. घरातलेही तयार होते. फक्त मधला निरोप माझ्या तोंडात अडकला. वेळ टळली की दान राहून जातं, हे त्या दिवसापासून मला कोणी समजावून सांगावं लागत नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी मी कॉलेजांमध्ये अवयवदान आणि रक्तदानाबद्दल बोलणाऱ्या स्वयंसेवकांच्या एका गटात जायला लागले. परवा शनिवारी एका कॉलेजात एनएसएसच्या मुलामुलींसमोर आमचं सत्र होतं. माझ्याबरोबर आमच्या गटातले काका होते, वय सत्तरच्या आसपास. मुलांनी जे प्रश्न विचारले ते तुमच्याही मनात असतील, म्हणून सांगते.

पहिला प्रश्न एका मुलाचा. "ताई, मी फॉर्म भरला आणि उद्या माझा ॲक्सिडेंट झाला, तर डॉक्टर मला वाचवायचा प्रयत्न कमी करतील का?"

मला हा प्रश्न आवडतो, कारण तो खरा आहे. आपल्याकडे यासाठी १९९४ सालचा कायदा आहे. मेंदू मृत झाला आहे हे एकट्या डॉक्टरने ठरवायचं नसतं. चार डॉक्टरांचं मंडळ असतं, तपासण्या दोनदा होतात, आणि दोन्हींत कमीत कमी सहा तासांचं अंतर ठेवावं लागतं. प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्या मंडळात बसू शकत नाहीत. आणि मेंदूमृत्यू म्हणजे कोमा नव्हे. कोमातला माणूस परत येऊ शकतो. मेंदूमृत्यूनंतर माणूस गेलेला असतो, फक्त यंत्राच्या श्वासामुळे हृदय काही काळ चालू असतं. तेवढ्याच काळात हृदय, फुप्फुसं, यकृत, मूत्रपिंडं, स्वादुपिंड, आतडी दुसऱ्याच्या उपयोगी पडू शकतात. एका माणसाकडून आठ जणांपर्यंत जीव वाचू शकतात.

म्हणजे घरी झोपेत गेलेल्या माणसाची मूत्रपिंडं देता येत नाहीत. पण डोळे देता येतात. चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, मधुमेह असला तरीही बहुतेक वेळा देता येतात, कारण उपयोगाला येतो तो पुढचा पारदर्शक पडदा. नेत्रपेढीची माणसं घरी येतात, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं, चेहरा विद्रूप होत नाही. ती येईपर्यंत पंखा बंद करायचा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची. एवढंच.

दुसरा प्रश्न एका मुलीचा, हळू आवाजात. "माझी आजी म्हणते, डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळं जन्माला येतो."

आजीला हसू नका, असं मी आधी सांगितलं. तिची काळजी प्रेमातूनच आलेली असते. पण तिच्याबरोबर बसून गीतेचा दुसरा अध्याय वाचा. भगवंत देहाला कपड्याची उपमा देतात. जुना कपडा टाकून नवा घालावा, तसा आत्मा नवा देह घेतो. आता मला सांगा, जुन्या शर्टाची बाही कापून कोणाच्या जखमेवर बांधली, म्हणून दुकानातला नवा शर्ट बिनबाह्यांचा मिळतो का? आणि तसं असतं, तर आपण सगळा देहच अग्नीला देतो. मग पुढच्या जन्मी काहीच मिळायला नको! मुलगी हसली. म्हणाली, "हे आजीला पटेल." पटेल की नाही माहीत नाही. पण आजीशी बोलणं तर सुरू होईल.

तिसरा प्रश्न काकांना होता. "काका, तुम्ही यात कसे आलात?"

काका उभे राहिले. त्यांच्या पत्नीला मेंदूत रक्तस्राव झाला होता. मेंदू मृत झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा समन्वयक त्यांच्याजवळ येऊन बसली आणि विचारलं. काकांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, "आई नेहमी म्हणायची ना, बाबा." तेवढ्या एका वाक्यावर काकांनी सही केली. दोन्ही मूत्रपिंडं, यकृत आणि डोळे दिले.

कोणीतरी विचारलं, "ज्यांना मिळाले ते भेटले का तुम्हाला?" काका म्हणाले, "नाही. नावं सांगतच नाहीत. सुरुवातीला वाईट वाटायचं. आता वाटतं, बरंच आहे. रस्त्यात कोणीही समोरून आलं की वाटतं, हा असेल."

मला तिथेच आजचा श्लोक आठवला. ज्याच्याकडून परतफेड होणार नाही, त्याला दिलेलं. एरवी आपण देतो, आणि मनात कुठेतरी हिशेब राहतोच. लग्नाच्या आहेरापासून देवळाच्या पावतीपर्यंत नाव लागतं. इथे नाव लागत नाही. अवयव विकणं-विकत घेणं हा गुन्हा आहे. अवयव कोणाला जाईल हे आपण ठरवत नाही. रक्तगट, आजाराची तीव्रता, प्रतीक्षायादीतला क्रम पाहून प्रत्यारोपण समन्वय केंद्र ठरवतं. आपल्या राज्यात अशी केंद्रं मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. पात्र कोण, ही चिंताही आपल्या डोक्यावर नाही. आपण फक्त द्यायचं.

आता रक्ताकडे येऊ, कारण ते तर जिवंतपणीच द्यायचं आहे. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ किंवा जास्त. पुरुषांनी ३ महिन्यांनी, स्त्रियांनी ४ महिन्यांनी परत देता येतं. गणपतीत मंडळं शिबिरं घेतात, रांगा लागतात, छानच आहे. पण तांबड्या पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट जेमतेम ५ दिवस. गणपतीत दिलेलं रक्त मे महिन्यात मिळत नाही. मे महिन्यात कॉलेजांना सुट्टी, लोक गावी, आणि रक्तपेढ्यांमध्ये टंचाई. श्लोकातला 'काळ' इथेही आहे. सगळे देतात तेव्हा देणं चांगलंच, पण कोणी देत नाही तेव्हा देणं जास्त गरजेचं.

त्याच दिवशी कॉलेजात रक्तदान शिबिरही होतं. एका मुलीचं हिमोग्लोबिन कमी भरलं, तिला परत पाठवलं. ती कोपऱ्यात डोळे पुसत होती. "मी इतकी ठरवून आले होते ताई." मी तिला म्हटलं, तुझा संकल्प वाया गेला नाही. डॉक्टरांना दाखव, नाचणी, पालेभाज्या, खजूर खा, आणि अंगात रक्त भरलं की परत ये. तोपर्यंत दोन मैत्रिणींना आण. देणाऱ्यानेही पात्र व्हावं लागतं, आणि त्याची तयारी ही पण सेवाच आहे.

दानाची गोष्ट निघाली की दधीची ऋषींचं नाव येतंच. वृत्रासुराला मारायला वज्र हवं होतं आणि ते दधीचींच्या अस्थींचंच होणार होतं. देव मागायला गेले आणि ऋषींनी देह दिला. पण भागवताच्या सहाव्या स्कंधात एक छोटीशी जागा आहे, आपण ती घाईत ओलांडून जातो. दधीची लगेच हो म्हणत नाहीत. ते आधी म्हणतात, जगणाऱ्याला देह किती प्रिय असतो, मरणाचं दुःख किती मोठं असतं, हे तुम्हाला माहीत नाही का? देव उत्तर देतात. मग ऋषी सांगतात, तुमच्या तोंडून धर्म ऐकायचा होता म्हणून तसं बोललो. हा देह एक दिवस मला सोडणारच आहे, आज मीच तो सोडतो.

मला ही जागा फार मोलाची वाटते. दधीचींसारख्यांच्या गोष्टीतही आधी भीती बोलली गेली, उत्तर दिलं गेलं, आणि मगच दान झालं. मग आपल्या घरातल्यांनी "असं अशुभ बोलू नको" म्हटलं तर त्यात नवल काय? आमच्या गटाचं काम एवढंच आहे, की तो संवाद हॉस्पिटलच्या दारात पहिल्यांदा होऊ नये. कारण तुम्ही ऑनलाइन प्रतिज्ञा घेतली, कार्ड पाकिटात ठेवलं, तरी त्या वेळी विचारतात घरच्यांनाच. कार्ड बोलत नाही, आई-बाबा बोलतात. त्यांना माहीत असलं तर.

आता माझं सांगते. शनिवारी मुलांना एवढं सगळं सांगून रात्री घरी आले, आणि लक्षात आलं की माझी इच्छा मी आईला कधी सांगितलेलीच नाही. दुसऱ्यांच्या घरी पाठवत होते आणि स्वतःच्या घरी गप्प होते. आजीच्या वेळी केलेली चूक परत चालूच होती. रविवारी जेवताना सांगितलं. आईने आमटीची वाटी खाली ठेवली, "जेवताना काय हे," म्हणाली आणि उठून आत गेली. बाबा काही बोलले नाहीत. आजीची सकाळ त्यांनाही आठवली असणार.

आईने अजून हो म्हटलेलं नाही. काल फक्त एवढं विचारलं, "त्या डॉक्टरांचं काय म्हणत होतीस, चार जण असतात ते?" मी परत सगळं सांगितलं. ती ऐकत होती.

आजचा संकल्प: आज रात्री घरात एका माणसाला आपली इच्छा सांगायची. आणि त्याहून महत्त्वाचं, घरातल्या थोरांची इच्छा विचारायची. ते बोलत असतील तर माझ्यासारखा विषय बदलू नका. शेवटपर्यंत ऐका, लक्षात ठेवा, आणि घरात अजून एकाला सांगून ठेवा.

पांडुरंगा, हा देह तुझाच आहे. तो असेपर्यंत तुझ्या लेकरांच्या कामी येवो, आणि गेल्यावर जेवढा उरेल तेवढाही येवो. आणि सांगायची वेळ आली की जीभ अडखळू देऊ नकोस.

राम कृष्ण हरी.