आधी देश, मग बाई?

अल्जीरियाच्या बाया फ्रेंचांशी लढल्या, १९५४ ते १९६२. ३० सप्टेंबर १९५६ ला अल्जीयर्समध्ये गोऱ्यांच्या कॅफेत बाँब ठेवायला गेल्या त्या पोरीच. जोहरा द्रीफ तर कायद्याची विद्यार्थिनी. बुरखा उतरवून, मडमेसारखा पोशाख करून त्या लष्करी नाक्यांवरून पार झाल्या. त्यात साधी माणसंही मेली, हे मी लपवणार नाही. जमीला बुहिरेदला १९५७ साली पकडलं, छळलं, फाशी सुनावली. जगभर ओरड झाली तेव्हा कुठं ती टळली. बाकी हजारो बाया निरोप पोचवत होत्या, जखमा बांधत होत्या, फरारी पोरांना जेवू घालत होत्या.

आपल्यातले वाचणारे फॅननचं नाव घेतात. लढ्यानं बाई बदलली, आता बाप लेकीकडं जुन्या नजरेनं बघू शकणार नाही, असा त्याचा १९५९ च्या पुस्तकातला विश्वास. १९६१ ला तो गेला. पुढचं त्यानं बघितलं नाही. १९८४ साली त्याच मुक्ती आघाडीच्या राजवटीनं कुटुंब कायदा केला. बाईच्या लग्नाला पालक पुरुष हवा, नवऱ्याला एकाहून जास्त बायका चालतील, बायकोनं नवऱ्याची आज्ञा पाळावी. १९८१ मध्येच मसुद्याविरुद्ध जुन्या लढवय्या बाया रस्त्यावर आल्या होत्या. ऐकलं कुणी? आज्ञेचं कलम २००५ ला गेलं. पालक राहिला, सवतही राहिली.

आधी देश, मग बाई. हे गाणं आपल्या कानावरचंच आहे. आधी स्वराज्य, मग अस्पृश्यतेचं बघू, असं बाबासाहेबांना सांगणारे काय कमी होते? आणि स्वराज्यात हिंदू कोड बिल लोंबकळत ठेवलं, तेव्हा १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडलं.

माझे मित्र म्हणतात, त्या बायांनी जीव धोक्यात घातला, मग हक्क द्यायलाच हवे होते. मला हा हिशेब पटत नाही. हक्क बक्षीस म्हणून मिळाला की देणारा वरच राहतो. आणि जी नुसती चुलीपाशी बसून होती, भीत होती, तिनं काय करायचं? भीमा कोरेगावचा पराक्रम आपण सांगावा, जरूर सांगावा. पण १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी आपण त्या पराक्रमाची पावती दाखवून प्यालो का?

नामांतराच्या लढ्यात, १९७८ नंतर, आपल्या बायाही तुरुंगात गेल्या. त्यांची नावं घेऊन भाषणं होतात, मीही केलीत. पुढच्या बैठकीला जरा बघा, सतरंजी कोण अंथरतं, चहाला कोण उठतं आणि ठराव कुणाच्या नावानं जातो.