रडण्याची भाषा कोण शिकवते?



गेल्या पावसाळ्यात आपल्या धर्मग्रामात आठवड्याच्या अंतराने दोन अंत्यविधी झाले. पहिला वस्तीतल्या एका तरुण मजुराचा. कुटुंब जालन्याकडचे, मराठी मिस्सेला नेमाने येणारे. शवपेटी देवळात आली तशी आईने हंबरडा फोडला. लेकाचे बालपण, त्याच्या आवडीची भाजी, मुंबईला निघताना तो काय बोलला होता, हे सारे ती रडता रडता सांगत होती आणि भोवतीच्या बाया तिला साथ देत होत्या. दुसरा अंत्यविधी सोसायटीत राहणाऱ्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचा. इंग्रजी मिस्सा, तयारीचा गायकवृंद, काळे कपडे. मुलाने वडिलांविषयी चार शब्द वाचून दाखवले. कुणाचाही आवाज चढला नाही.

पहिल्या विधीनंतर एक सुशिक्षित गृहस्थ साक्रिस्तीत आले. म्हणाले, ‘‘फादर, देवळात एवढा आक्रोश? ह्या लोकांचा पुनरुत्थानावर विश्वास नाही का?’’ दुसऱ्या विधीनंतर वस्तीतल्या एका आजींनी आम्हाला फाटकाशी गाठले. ‘‘फादर, लेकरं रडलीच नाहीत. बापावर माया नव्हती काय त्यांची?’’

दोन्ही प्रश्न मनापासून विचारलेले होते आणि दोन्ही चुकीचे होते. त्या गृहस्थांचे बोलणे फिरत फिरत त्या आईच्या कानी गेले. पुढचे चार रविवार ती मिस्सेला आली नाही. दोष एकट्या त्या गृहस्थांचा नव्हता. त्या दिवशी प्रवचनात आम्हीही तिला ‘आता रडू नका’ असे सांगितले होते.

इतिहासकार हिरोडोटस याने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात एक प्रसंग लिहून ठेवला आहे. इराणचा सम्राट दारयवहू याने दरबारातील ग्रीकांना विचारले, मेलेल्या बापाचे मांस खायला तुम्ही किती पैसे घ्याल? ते म्हणाले, कितीही दिले तरी नाही. मग त्याने कलातिया नावाच्या भारतीय जमातीच्या लोकांना बोलावले. त्यांच्यात तशी रीत होती. त्यांना विचारले, बापाला अग्नी द्यायला किती घ्याल? ते किंचाळलेच, असे अभद्र बोलू नका म्हणाले. रूढीच सर्वांवर राज्य करते, असा निष्कर्ष हिरोडोटसने काढला. आपल्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. दोघांनाही बाप प्रिय होता. दोघांचाही संताप त्याच प्रेमातून आला होता. प्रेम एकच, त्याची रीत मात्र ज्याच्या त्याच्या घराने शिकवलेली.

रडणे आपण जन्मतःच जाणतो. पण कुणासमोर रडावे, किती वेळ रडावे, पुरुषाने रडावे की नाही, हे घर आणि गाव शिकवते. शोकाचा रंगही असाच शिकलेला असतो. देवळात कुणी काळे कपडे घालून येतो, तर गावाकडची आजी पांढरे लुगडे नेसून येते. लहानपणापासून शिकल्यामुळे ही रीत आपल्याला रीत वाटतच नाही, ती माणुसकीच वाटते. म्हणून जो वेगळे वागतो तो आपल्याला श्रद्धाहीन किंवा निर्दय वाटू लागतो.

आम्हीही त्याला अपवाद नाही. आमच्या वडिलांच्या अंत्यविधीची मिस्सा आम्हीच अर्पण केली. सेमिनरीच्या शिस्तीत वाढलेलो, आवाज जरासुद्धा हलू दिला नाही. तेव्हा तो आम्हाला श्रद्धेचा विजय वाटला. आज वाटते, त्यात श्रद्धा थोडी आणि सवय पुष्कळ होती.

पवित्र शास्त्र ह्याविषयी काय सांगते? योहानाच्या शुभवर्तमानातील अकराव्या अध्यायात प्रभू येशू मार्थेला सांगतो की पुनरुत्थान व जीवन मीच आहे. त्याच अध्यायात, लाजराच्या कबरेकडे जाताना, तो स्वतः रडतो. काही क्षणांतच आपण लाजराला उठवणार आहोत हे त्याला ठाऊक होते, तरी तो रडला. संत पौलही थेस्सलनीकाकरांना शोक करू नका असे म्हणत नाही, तर ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका असे म्हणतो. तेव्हा अश्रूंवरून श्रद्धेचे माप काढता येत नाही, आणि कोरड्या डोळ्यांवरून मायेचेही नाही.

ख्रिस्तसभेलाही हा धडा सहज उमगला नाही. १६१६ साली फादर स्टीफन्स ह्या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूंचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात राशोल येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक मराठी ओव्यांतून त्यांनी तारणाची कथा लोकांच्या कानाला रुचेल अशी सांगितली. त्याच गोव्यात १७३६ साली इन्क्विझिशनने हुकूम काढून ख्रिस्ती लोकांना धोतर-चोळीसारख्या पेहरावापासून लग्नघरच्या अनेक चालीरीतींपर्यंत बंदी केली. एकाच भूमीत, एकाच श्रद्धेच्या नावाने, दोन अगदी उलट वाटा. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात स्पष्ट केले की अंत्यविधीतून प्रभूच्या मृत्यू-पुनरुत्थानाचे रहस्य प्रकट व्हावे आणि तो विधी त्या त्या प्रदेशाच्या परिस्थितीला व परंपरांना, अगदी पोशाखाच्या रंगासह, अधिक जुळणारा असावा.

मग संस्कृतीने दिलेले सारेच बरोबर मानायचे काय? ‘आमच्यात असेच असते’ म्हटले की विषय संपला? नाही. हिरोडोटसच्या निष्कर्षावर आपण थांबलो, तर विधवेच्या बांगड्या फोडणाऱ्या हातालाही काही म्हणता येणार नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की पती वारल्यावर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे ह्या प्रथा आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही हे अनुकरण करायला सांगितले. हे पाऊल त्याच मातीतल्या माणसांनी उचलले. ज्या संस्कृतीने प्रथा दिली, तिच्याच लेकरांनी त्या बाईच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले आणि प्रथा तपासली.

सद्सद्विवेकबुद्धी संस्कृतीच्या कुशीत वाढते हे खरे, पण ती तिथे कैदेत नसते. दुखावलेल्या माणसाचा चेहरा समोर आला की ती जागी होते. मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभूनेही परंपरेला हाच प्रश्न केला. देवाला अर्पण केल्याचे सांगून म्हाताऱ्या आईबापांना उपाशी ठेवणारी परंपरा कसली?

म्हणून आपल्या कोणत्याही रीतीला दोन प्रश्न विचारावेत. ती आपल्याला दुःखी माणसाच्या जवळ नेते की दूर? आणि तिची किंमत कोण मोजतो? त्या आईच्या हंबरड्याने वस्तीतल्या बायांना तिच्याजवळ आणले, त्याची किंमत कुणालाही मोजावी लागली नाही. सोसायटीतल्या मुलाच्या शांत शब्दांनीही बापाचा मानच राखला. बांगड्या फोडण्याची किंमत मात्र एकटी विधवा मोजते, आणि तीही तिच्या सर्वांत वाईट दिवशी. आपल्या ख्रिस्ती घरांतूनही ही प्रथा कुठे रेंगाळत असेल, तर तिला आता निरोप द्यायला हवा.

पाचव्या आठवड्यात आम्ही त्या आईच्या खोलीवर गेलो. क्षमा मागितली. ती म्हणाली, ‘‘फादर, तुमी बसा. चहा टाकते.’’ मग ती पुन्हा लेकाविषयी सांगू लागली आणि रडू लागली. ह्या वेळी आम्ही तिला गप्प केले नाही.

पुढच्या अंत्यविधीला आपणही एवढेच करू या. आपल्या ओळखीचे नसलेले कुटुंब शोकात असेल तर मागच्या बाकावरून उठून त्यांच्याजवळ जाऊन बसू या. ते रडत असोत वा गप्प असोत.

प्रभूमध्ये आपले,
तुमचे धर्मगुरू