श्वास आखूड झाला असता
(निर्गम ६:९)

मोशे सुटकेची सुवार्ता घेऊन आला, तरी इस्राएल लोकांनी त्याचे ऐकिले नाही. ह्याचे कारण पवित्र लेखकाने मोठे विलक्षण दिले आहे. मूळ इब्री शब्दांचा अक्षरशः अर्थ ‘श्वासाचा आखूडपणा’ असा होतो. त्या भाषेत श्वास, वारा व आत्मा ह्यांस एकच शब्द आहे. फारोने गवत देणे बंद केले, विटांची संख्या मात्र तीच ठेविली. धापा टाकणाऱ्या मनुष्याच्या कानी शुभवर्तमानही शिरत नाही.

हे वाचिताना आम्हांस मुरबे गाव आठवते. होडी खाडीच्या मुखाशी दिसेपर्यंत किनाऱ्यावरील बायकांचा जीव टांगणीला लागलेला असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. जाळी दुरुस्त होतात, पण सावकार थांबत नाही. त्यात ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली, आणि मुरबे येथेही बंदराचा बेत पुढे आला. आपला समुद्र आपणांस राहील काय, हा प्रश्न चुलीपाशीही निघतो. अशा घरी उपदेशक जातो व बसताच शास्त्र उघडितो. घरधनीण मान डोलाविते. ऐकत मात्र नाही. ही चूक आम्हीही केली आहे.

चिंतेने श्वास उथळ व जलद होतो, हे वैद्य सांगतात. तो सावकाश सोडिला असता हृदयाची गती मंदावते. स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटास सुमारे १२ ते २० वेळा श्वास घेतो. पाठ ताठ करून, चार मोजेपर्यंत नाकाने श्वास घ्यावा व सहा मोजेपर्यंत सोडावा, म्हणजे मिनिटास सहाच श्वास होतात. पाच मिनिटे पुरेत. बळजबरी करू नये. घेरी आल्यास थांबावे. दमा असेल किंवा छातीत दुखत असेल, तर मात्र दवाखाना गाठावा, तेथे आमचा उपदेश कामाचा नाही.

कोणी विचारील, हा प्राणायाम नव्हे काय? ख्रिस्ती मनुष्याने तो करावा काय? बंधूंनो, श्वास कोणा पंथाची मालमत्ता नव्हे. मातीच्या मनुष्याच्या नाकपुड्यांत तो कोणी फुंकिला, हे उत्पत्ति २:७ मध्ये पाहा. पूर्वेकडील ख्रिस्ती मठवासी कित्येक शतके श्वासागणिक येशूचे नाव घेत आले आहेत. तरी श्वास हा तारणारा नव्हे. त्याने कर्ज फिटत नाही, की बंदराचा प्रश्न सुटत नाही. ग्रामसभेत जे बोलावयाचे ते बोलावेच. दम धरून बोलणाऱ्याचे लोक अधिक ऐकतात, इतकेच.

निर्गम २३:१२ मध्ये शब्बाथ कशासाठी सांगितला आहे? दासीच्या मुलाने व परदेशीयाने दम घ्यावा म्हणून. तोच शब्द ३१:१७ मध्ये खुद्द परमेश्वराविषयी योजिला आहे!

आणि न ऐकणाऱ्या त्या लोकांवर परमेश्वर कोपला, असे ह्या अध्यायात कोठेही नाही. त्याने मोशेला फिरून पाठविले. म्हणून उपदेशक बंधूंनो, पुढल्या खेपेस त्या ओट्यावर बसाल तेव्हा पुस्तक मिटलेलेच असू द्या. त्या भगिनीबरोबर थोडा वेळ स्वस्थ बसा, तिचा उसासा पुरा होऊ द्या, आणि मग होडी केव्हा यावयाची ते विचारा.