मुलांच्या हातातली नोंद

२०१० पासून आपल्या शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि त्यासोबत वर्णनात्मक नोंदींची वही. 'वाचनाची आवड आहे', 'गणिती क्रिया अचूक करते' अशी वाक्यं आम्ही शिक्षक मनापासून लिहितो. पण ज्या मुलाबद्दल ती लिहिलेली असतात, त्याला ती सहसा वाचायलाही मिळत नाहीत. मला हे फार खटकतं.

म्हणून माझ्या चौथीच्या वर्गात गणिताच्या वहीची शेवटची पानं मुलांची स्वतःची. दर शनिवारी त्यांवर लिहायचं : काय जमायला लागलं, कुठे अडतं. सुरुवातीला बहुतेकांचं एकच वाक्य येतं, 'मला गणित येत नाही.' त्याचा उपयोग ना मुलाला, ना मला. मग शेजारी बसावं लागतं. ५०३ वजा १७८ याचं एका मुलाचं उत्तर ४७५ आलं होतं. म्हटलं, "कसं केलंस ते बोलून दाखव." "आठातून तीन गेले, पाच. सातातून शून्य..." म्हणता म्हणता तो थबकला. "बाई, मी खालच्यातून वरचा वजा करतोय!" हेच लिही, म्हटलं. त्याने लिहिलं, 'वरचा अंक लहान असला की मी उलटी वजाबाकी करतो. शून्य असलं तर हातचा कुठून घ्यायचा, ते विचारायचं आहे.' माझ्या कुठल्याही नोंदीत इतकी नेमकी माहिती नसते.

या पानांवर मी गुण, श्रेणी, चांदणी काहीच देत नाही. रूथ बटलर यांच्या १९८८च्या अभ्यासात नुसते शेरे मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली. शेऱ्याबरोबर गुणही मिळालेल्यांना तो फायदा झाला नाही. गुण दिसले की नजर शेजारच्या वहीकडे वळते, हे कुठल्याही वर्गात दिसेल. पालकांची सहीही नको. सही आली की मुलं अडचणी लपवतात.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपत्रकात स्वयंमूल्यमापनाला जागा दिली, याचा मला आनंद आहे. मात्र चौथीतल्या मुलाकडून नुसता हसरा चेहरा रंगवून घेऊन भागणार नाही. त्याला आपली चूक शब्दांत पकडता येते. त्यासाठी वेळ लागतो, आणि तो वेळ तासिकेतूनच काढावा लागतो.

एखाद्याच्या पानावर महिनाभर तीच अडचण दिसली, तर शिकवण्याची माझी रीत बदलायला हवी. मग काड्यांचे गठ्ठे पुन्हा बाहेर निघतात आणि शतकाचा गठ्ठा सोडून दहा दशक मांडायचं काम त्या मुलाच्याच हाती येतं.