वगळलेलं आणि उलटवलेलं

1958 साली जे. आर. आर. टॉल्किन यांच्या हाती 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वर बेतलेल्या एका नियोजित चित्रपटाची रूपरेषा होती. ती बारकाईने वाचून त्यांनी लांबलचक टिपणं लिहिली, आणि त्यातला राग लपत नाही. गरुड ऊठसूट वाहनासारखे वापरलेले, नको तिथे मारामाऱ्या घुसवलेल्या, प्रदीर्घ प्रवास घाईघाईने उरकलेला. आवडत्या फॅण्टसी कादंबरीवर चित्रपट येणार म्हटलं की चाहते आज ज्या तक्रारी करतात, त्या जवळजवळ सगळ्या इथे सापडतात. ही धास्ती हट्टी वाचकांनी शोधून काढलेली नाही. लेखकाला ती त्यांच्या आधीच वाटली होती.

मात्र टॉल्किन यांचा वगळण्याला विरोध नव्हता. सगळंच कोंबून गर्दी करण्यापेक्षा निवडक भाग घ्यावा, असं त्यांचं मत होतं. एंट हे चालते-बोलते वृक्षरक्षक आणि हेल्म्स डीपची लढाई या दोन्हींना पुरेशी जागा नसेल तर लढाई गाळा, असंही त्यांनी सुचवलं होतं. पीटर जॅक्सन यांनी 2002च्या 'द टू टॉवर्स'मध्ये नेमकी तीच लढाई चित्रपटाचा कळस केली. जॅक्सन यांच्या त्याआधीच्या चित्रपटात टॉम बॉम्बाडिल हे पुस्तकातलं पात्र नाही म्हणून कितीतरी वाचक हळहळले. मला तो अभाव सोसतो. एखादी वाट दाखवली नाही म्हणून ती नाहीशी होत नाही.

चिंता करायची ती उलटवण्याची. पुण्यात किंवा लंडनमध्ये घडणाऱ्या कादंबरीचा चित्रपट फसला, तरी ते शहर, तिथला पाऊस, तिथली माणसं बाहेर शाबूत असतात. फॅण्टसीतल्या जगाला असा बाहेरचा टेकू नसतो. ते जग स्वतःच्या नियमांवर उभं असतं: इथे जादूची काय किंमत मोजावी लागते, सत्ता माणसाचं काय करते. पात्राच्या केसांचा रंग बदलला तर चालतं. असा नियम उलटला तर जुन्या नावाखाली दुसरंच जग उभं राहतं.

मिखाएल एंडे यांच्या 1979च्या मूळ जर्मन 'द नेव्हरएण्डिंग स्टोरी'चं हेच झालं. कादंबरीच्या उत्तरार्धात बास्टियन कल्पनेच्या राज्यात शिरतो. तिथे त्याची प्रत्येक इच्छा पुरी होते आणि प्रत्येक इच्छेपायी त्याची एकेक आठवण जाते. वाटेत त्याला एक शहर लागतं. आठवणी संपल्यामुळे आता काही इच्छाही करू न शकणारी माणसं तिथे निरर्थक खेळ खेळत बसलेली असतात. शेवटी बास्टियन स्वतःचं नावही विसरतो. वुल्फगांग पेटरसन यांचा 1984चा चित्रपट साधारण पूर्वार्धापाशीच थांबतो. त्याच्या शेवटी बास्टियन ड्रॅगनवर बसून, आपल्याला छळणाऱ्या मुलांचा भर शहरात पाठलाग करतो. ज्या मोहाबद्दल कादंबरी सावध करते, तोच इथे बक्षीस म्हणून मिळतो. एंडे यांनी आपलं नाव काढण्याची मागणी केली, ते न्यायालयात गेले आणि हरले. लहानपणी हा चित्रपट पाहून सुखावलेल्या कुणाला मला दुखवायचं नाही, पण मी एंडे यांच्या बाजूचा आहे.

जॅक्सन यांच्या फॅरामिरबद्दल निवाडा इतका सोपा नाही. टॉल्किन यांच्या कादंबरीतला फॅरामिर सत्तेचा मोह घालणाऱ्या अंगठीचं रहस्य कळूनही ती वाहून नेणाऱ्या फ्रोडोला जाऊ देतो, कारण तसली विजयाची वाट त्याने मनात केव्हाच नाकारलेली असते. चित्रपटात तो फ्रोडोला ओढत ऑस्गिलियाथ शहरापर्यंत नेतो आणि मग सोडतो. अंगठी सगळ्यांना भुलवते आणि एकालाच भुलवत नाही, असं दाखवलं तर तिचा धाक संपतो, असं कारण पटकथाकारांनी दिलं. चित्रपटाच्या ताणाच्या दृष्टीने ते खरं आहे. तरीही मोह पडण्याआधीच सत्तेला नकार देणारा माणूस त्या जगात असू शकतो, ही टॉल्किन यांची श्रद्धा त्यात गेली. माझ्या लेखी हे नुकसान बॉम्बाडिलच्या शंभरपट आहे.

या धास्तीची एक कुरूप बाजूही आहे. 2022मध्ये 'द रिंग्ज ऑफ पॉवर' मालिकेतल्या कृष्णवर्णीय कलाकारांना पुस्तकनिष्ठेच्या नावाखाली शिवीगाळ झाली. उर्सुला ले ग्विन यांच्या अर्थसी या बेटांच्या जगातल्या कादंबऱ्यांची कथा तर उलटीच आहे. 1968च्या कादंबरीतला नायक, जादूगार गेड, तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे, आणि लेखिकेने ते विचारपूर्वक ठरवलं होतं. 2004च्या अमेरिकन मालिकेत तो गोरा झाला. ले ग्विन यांनी लेख लिहून निषेध केला. त्याच मालिकेत गेडचं खरं नाव आणि लोकांनी हाक मारायचं नाव यांची अदलाबदलही झाली. ज्या जगात खरं नाव कळणं म्हणजे त्या माणसावर ताबा मिळणं, तिथे ही चूक किरकोळ नाही. बनवणाऱ्यांनी पुस्तकातली जादू वाचलीच नव्हती, एवढं त्यातून दिसतं.

2006मध्ये गोरो मियाझाकी यांचा 'टेल्स फ्रॉम अर्थसी' पाहिल्यावर ले ग्विन यांनी दिग्दर्शकाला सांगितलं की हे माझं पुस्तक नाही, तुमचा चित्रपट आहे, आणि तो चांगला आहे. नंतर मात्र त्यांनी स्पष्ट लिहिलं की दुष्टपणा एका खलनायकात गोळा केला की त्याला मारून सगळे प्रश्न सुटल्यासारखं होतं. त्यांच्या 'द फार्दस्ट शोअर' या अर्थसी कादंबरीत तसं घडत नाही. मरण टाळण्याची भूक त्या बेटांवरच्या साध्या माणसांनाही लागलेली असते, आणि मृत्यूच्या देशातलं उघडं पडलेलं दार बंद करताना गेडची सगळी जादू खर्ची पडते. तो जिंकतो, पण परततो तेव्हा जादूगार उरलेला नसतो. चित्रपटात खलनायक जळून जातो आणि हे मोल कुणालाच द्यावं लागत नाही.